कॅनडातलं शंभर एकर रान

मी गाव सोडलं त्या दिवशी आप्पा मला पोचवायला आले नाहीत. ऑक्टोबर छाटणी चालू होती. छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायची वेळ हुकली तर द्राक्षाचं अख्खं वर्ष हुकतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मीच बागेत गेले. त्यांच्या रबरी हातमोज्यांवर तांबडी पेस्ट माखलेली होती, त्यामुळे मी पाया पडायला वाकले तेव्हा त्यांना माझ्या डोक्यावर हात ठेवता येईना. त्यांनी कोपरानंच माझा खांदा हलकेच ढकलला आणि म्हणाले, "रान कुठं पळून जात न्हाई. तू जा."

आई तेव्हा होती. तिनं दोन किलो बेदाणा बांधून दिला आणि बजावलं, "कुणी विचारलं तर आपल्या बागेतला म्हणून सांग." मिरज स्टेशनपर्यंत मला सतीशनं मोटरसायकलवर नेलं. सतीश माझा धाकटा भाऊ, तेव्हा विशीतला. गाडीला वेळ होता. फलाटावर वडापाव खाता खाता त्यानं विचारलं, "आक्का, लखनौला जाऊन तू नक्की करणार काय?"

"जमिनीची किंमत काढणार," मी म्हणाले.

"त्याला लखनौ कशाला पाहिजे? आपल्या तलाठ्याला विचार की."

आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याबद्दल मला आजही काही वाईट वाटत नाही. तो तेव्हा खरंच हसत होता.

आमचं गाव तासगावच्या बाजूला. पाच एकर द्राक्षबाग, बागेच्या कडेला बेदाणा शेड, आणि तिथेच वस्तीवर आमचं तीन खोल्यांचं घर. मी शेतीचं अर्थशास्त्र शिकले आणि लखनौतल्या एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरीला लागले. माझं काम सांगायला सोपं आहे: शेतजमिनीला बाजारात जो भाव मिळतो आणि ती जमीन पिकवून जे देते, या दोन्हींचा एकमेकांशी काही मेळ आहे का, ते बघायचं. आधी आपल्या राज्याराज्यांत, मग दुसऱ्या देशांशी ताडून. दिवसभर मी हे करायचे आणि संध्याकाळी इंदिरा नगरातल्या भाड्याच्या खोलीत येऊन रडायचे. कारण इथे उसळीला वाल मागितले तर दुकानदार माझ्याकडे बघत बसायचा, आणि मी "भैया" म्हणायला शिकले तोपर्यंत पहिला हिवाळा संपत आला होता.

पुढे लग्न झालं. नवरा बँकेत, मूळचा सोलापूरचा, बदली होऊन इकडे आलेला आणि इथलाच झालेला. तेलीबागेत आम्ही छोटं घर बांधलं. इशा जन्मली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. "इशा, अभ्यास झाला का?" "हाँ आई, बस थोड़ा सा बचा है." आधी मी दुरुस्त करायचे, नंतर सोडून दिलं. माझ्याच बोलण्यात आता भाजीच्या आधी सब्जी येते, तर तिला काय म्हणू.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले, त्यांना हे ठाऊक असेल: आपण दूर असतो तेव्हा गावाकडची जमीन हा आपला एक भरवसा असतो. आपण ती कसत नाही, तिचं पाणी धरत नाही, पण ती आहे म्हणून परक्या शहरात घरमालकाशी जरा ताठ मानेनं बोलता येतं. मी तिच्या भावाबद्दल शोधनिबंध लिहीत होते, आणि मनात मात्र तिला भाव नव्हता.

सतीशनं डिप्लोमा केला, दोन वर्षं बाग बघितली आणि मग शिकायला म्हणून कॅनडात गेला. सस्कॅचवान नावाच्या प्रांतात. तिथे शिकणं थोडं आणि काम फार. एका मोठ्या शेतावर कापणीचं यंत्र चालवायला लागला. कायमचा रहिवासी झाला, लग्न केलं, दोन मुलं झाली. फोनवर सांगायचा, "आक्का, इथं रान बघशील तर डोळं फिरतील. नजर जाईल तिथपर्यंत एकाच माणसाचं." आई गेली तेव्हा त्याला येता आलं नाही. दिवसकार्य मी आणि आप्पांनी केलं.

आईनंतर तिसऱ्या दिवाळीला तो आला. आम्हीही गेलो होतो. त्या वर्षी आमच्या भागातल्या जमिनींचे भाव भलतेच वर गेले होते. नवा मोठा रस्ता होणार होता, आणि सांगलीकडचे पैसेवाले लोक बागा बघत हिंडत होते. त्यांना द्राक्षाशी देणंघेणं नव्हतं. पाडव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर सतीश म्हणाला, "आक्का, तू हेच शिकलीस ना? आप्पांना जरा सांग, आपल्या एक एकराची किंमत तिथं किती होती."

मी इशाच्या वहीतलं पान घेतलं आणि आडव्या पानावर चार रकाने आखले. पहिल्यात जागा: आपलं गाव, आणि सतीशचा प्रांत. दुसऱ्यात एक एकराचा भाव. तिसऱ्यात एक एकर वर्षाला किती मिळवून देतं. आप्पा चष्मा लावून शेजारी बसले. मी त्यांना समजावलं की आपल्याकडे जमिनीचा भाव पिकावर ठरत नाही. रस्ता, पाणी, सोयरिकीतला मान, काळा पैसा, सगळं त्यात येतं. तिथे भाव बराचसा पिकावरच ठरतो, म्हणून तो कमी. आपल्या एका एकराच्या पैशात तिथे वीसेक एकर येईल.

"वीस?" आप्पा म्हणाले. "एकाला वीस?"

"हो. पण हे बघा." आणि मी चौथा रकाना भरला. त्यात लिहिलं, एका कुटुंबाला नीट जगायला किती एकर लागतात. आपल्याकडे पाच एकर बागेवर आम्ही दोघं शिकलो. तिथे वर्षाला एकच पीक, सहा महिने बर्फ, यंत्रं लाखोंची. हजार एकराच्या खाली तिथे कुणी शेती करतच नाही. शंभर एकर म्हणजे तिथे काहीच नाही. स्वस्त आहे ते याच कारणानं, असं मी आप्पांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण त्यांची नजर दुसऱ्या रकान्यावरच होती. सतीशनं फोन काढून त्या पानाचा फोटो घेतला.

फाल्गुनात आप्पांचा फोन आला. "रान द्यायचं ठरलंय. सतीश तिकडं शंभर एकर घेतोय."

मी ऑफिसात होते. उठून बाहेर व्हरांड्यात आले. "आप्पा, घाई करू नका. मी तुम्हाला सांगितलं होतं ना..."

"तूच लिहून दिलंयस की," ते म्हणाले. आई गेल्यावर इतकी उमेद मी त्यांच्या आवाजात ऐकली नव्हती. "माझ्या बापानं कूळ म्हणून राबून पाच एकर मिळवलं. मी शंभर करतो."

पाच एकराबरोबर घरही जाणार होतं, कारण घर रानातच होतं. गिऱ्हाईक मुलीच्या संमतीशिवाय व्यवहार करायला तयार नव्हतं, म्हणून मला तासगावला जावं लागलं. निबंधकाच्या कचेरीत आम्ही बाकावर बसलो होतो. आप्पांच्या खिशात एक घडी घातलेला कागद होता. सतीशनं पाठवलेला माझ्याच पानाचा फोटो, गावातल्या दुकानातून मोठा छापून घेतलेला. मी तो उलगडून बघितला. त्यात तीनच रकाने होते.

"चौथा कुठंय?" मी सतीशला विचारलं. तो व्यवहारासाठी आठ दिवसांच्या सुट्टीवर आला होता.

"फोटोत मावला नसंल," तो म्हणाला. "आणि मी हाय की तिथं, आक्का. आसपासचं रान मिळत जाईल तसं वाढवत जाऊ. सुरुवात तर करू दे."

बाहेरच्या माणसाला तिथे थोडक्या एकरांपलीकडे शेतजमीन घेता येत नाही, म्हणून नाव सतीशचंच लागणार होतं. हेही त्यानं आधीच सांगून टाकलं. मला आणखी एक गोष्ट खटकायला हवी होती. तिथे जमीन एकशे साठ एकरांच्या चौकोनांत मोजतात आणि विकतात. शंभर हा आकडाच तिथे विचित्र. मी ते बोलले, तेव्हा तो म्हणाला, एका चौकोनातला ओढ्याकाठचा भाग सोडून उरलेला घेतोय. मला पटलं. खरं सांगायचं तर मला पटवून घ्यायचं होतं. आपल्या बागेला जो भाव मिळत होता तो तिच्या कमाईच्या कितीतरी पलीकडचा होता, आणि असा भाव पुन्हा येणार नाही असं माझ्यातली शिकलेली बाई मला सांगत होती. मी सही केली. आप्पा शेजारी बसून गप्प बघत होते.

वैशाखात मी त्यांना आणायला गेले. त्यांनी एक ट्रंक भरली होती. गिऱ्हाइकानं बाग काढायला माणसं लावली होती आणि मांडवाच्या तारा गुंडाळून ठेवलेल्या होत्या. आप्पांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, "पुढच्या साली सतीश तिकडं बोलावणार हाय. पेरणीला."

लखनौत ते माझ्यापेक्षा लवकर रुळले. सकाळी रायबरेली रोडच्या बाजूला फिरायला जायचे. जिथे शेतं होती तिथे आता प्लॉटचे खांब रोवलेले होते, त्यांच्यामधून चालत जायचे. उरलेल्या शेतांतल्या माणसांशी त्यांचं हिंदी कसं जमायचं कोण जाणे, पण घरी येऊन मला सांगायचे, इथे बिघा म्हणजे आपले इतके गुंठे, इथला बटाटा असा लावतात. "आमचं हिंदी त्यांना कळतंय," म्हणायचे. "शेतकऱ्याला शेतकऱ्याचं कळतंय."

सतीशनं फोटो पाठवला. पिवळ्या फुलांचं शेत, क्षितिजापर्यंत. खाली लिहिलं होतं, 'आप्पा, आपलं रान.' आप्पांनी तो तेलीबागेच्या बाजारात छापून घेतला, चौकट केली, आणि बैठकीत लावला. मोहल्ल्यात सगळ्यांना कळलं. किराणा दुकानदार गुप्ताजी त्यांना 'कनाडावाले बाबूजी' म्हणायला लागले. एकदा मी बरोबर होते. गुप्ताजींनी मसूरच्या पोत्यात हात घातला आणि म्हणाले, "बाबूजी, ये मसूर कनाडा की है. आपके यहाँ की होगी." आप्पांनी मूठभर मसूर घेतली, निरखली, एक दाणा दातांखाली फोडला. "हमारेच होगी," ते म्हणाले आणि किलोभर घेतली. घरात मसूर होतीच.

पेरणीचं साल गेलं. मग आणखी एक. सतीशकडे दरवेळी काहीतरी कारण असायचं. व्हिसा, बर्फ, मुलांची आजारपणं. "खंडानं दिलंय सध्या," सांगायचा.

मागच्या ऑगस्टमध्ये मला त्याच प्रांतात एका परिषदेला जायला मिळालं. जाण्याआधी आप्पांनी मला एक रिकामी प्लास्टिकची बाटली दिली. "थोडी माती आण." मी म्हटलं, माती विमानातून आणू देत नाहीत. मग म्हणाले, "तर नुसतं बघून ये. नीट बघ. कडंनं हिंड."

सतीश विमानतळावर आला. जाडजूड झाला होता. घर चांगलं होतं, नवं, दोन मजली, तळघर असलेलं, बाहेर मोठा ट्रक. त्याच्या बायकोनं पुरणपोळी केली होती. परिषद संपल्यावर मी म्हणाले, "उद्या रान बघायला जाऊ." त्यानं लांब आहे म्हटलं, रस्ता खराब आहे म्हटलं. मी म्हणाले, "आप्पांना काय सांगू?" तेव्हा कुठं त्यानं सकाळी गाडी काढली.

दीड तास आम्ही सरळ रस्त्यानं गेलो. दोन्ही बाजूंना मसूर तपकिरी पडली होती, कापणीला आलेली. एका ठिकाणी त्यानं गाडी थांबवली. "हे," तो म्हणाला. मी खाली उतरले. आप्पांनी सांगितलं होतं म्हणून कडेनं चालायला लागले. फोटो काढले. खाली वाकून शेंग फोडली. इतकं सपाट, इतकं मोठं, आणि आमचं. मला रडू आलं.

तेवढ्यात एक जुनी पिकअप गाडी धूळ उडवत आली आणि थांबली. आतून एक म्हातारा गोरा शेतकरी उतरला. सतीशला बघून त्याचा चेहरा उजळला. त्यानं त्याला मिठीच मारली. मग मला म्हणाला, "तुम्ही बहीण का? तुमच्या भावासारखं कापणी यंत्र चालवणारा माणूस मला पुन्हा मिळाला नाही. त्यानं काम सोडलं तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, तुझी जागा इथे कायम आहे."

मला वाटलं, शेजारी असेल. मी विचारलं, "तुमचं शेत यांच्या शेताला लागून आहे का?"

म्हाताऱ्याला कळेना. त्यानं सतीशकडे बघितलं. सतीश जमिनीकडे बघत होता. "हे सगळं आमचंच आहे," म्हातारा जरा संकोचून म्हणाला. "माझं आणि माझ्या मुलाचं. त्या झाडांच्या रांगेपर्यंत, आणि रस्त्याच्या पलीकडचं."

त्यानं आम्हाला घरी कॉफीला बोलावलं. आम्ही नाही म्हणालो.

मी गाडीत बसून पट्टा लावला. मग विचारलं, "एक एकर तरी घेतलंस का?"

"नाही."

"कधी घ्यायचं होतं का तरी?"

त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "शंभर एकरात इथं काही होत न्हाई, आक्का. तूच सांगितलेलंस. चौथा रकाना मी वाचला होता." त्याचा आवाज शांत होता, आणि तोच मला सगळ्यात जास्त लागला. "नुसता वाचला न्हाई, पाठ केला. मी इथं सहा वर्षं दुसऱ्याचं रान कापलंय. मला ठाऊक होतं हे. पण घरासाठी पैसे मागितले असते तर आप्पांनी दिले असते का? बाग इकली असती का? रानासाठीच दिले त्यांनी. तू लखनौला निघून गेलीस, तुला पगार हाय, पेन्शन हाय. माझी पोरं तळघरात भाड्यानं वाढत होती."

"मग तसं सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू सही दिली असतीस?"

कदाचित दिली असती. निदान ती मी जाणूनबुजून दिली असती, फसवली गेले नसते. माझ्या हातचं पान त्यानं दोन तुकडे करून वापरलं होतं. अर्धं आप्पांना भुलवायला, आणि अर्धं स्वतःला वाचवायला. माझ्या सगळ्या शिक्षणाचा एवढा नेमका उपयोग आजवर दुसऱ्या कुणी केला नाही.

उतरताना तो म्हणाला, "आप्पांना सांगू नकोस. त्यांचं वय बघ."

मी सांगितलं नाही. विमानतळावरून घरी आले तेव्हा आप्पा दारातच उभे होते. "कसं हाय?" मी फोटो दाखवले. माती कशी आहे, काळी का? नांगरट किती खोल? पाणी कुठलं? मी सगळ्याची उत्तरं दिली. उत्तरं खरी होती, कारण तो माझा विषयच आहे. फक्त ते रान आमचं नव्हतं. पुढे रोज काही ना काही विचारत राहिले, आणि मी रोज उत्तर देत राहिले. कापणी झाली असंल का? बर्फ पडला असंल का? माझी मलाच किळस यायला लागली. पण प्रत्येक दिवशी वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे.

माघातल्या एका दुपारी आम्ही छतावर उन्हात शेंगा सोलत बसलो होतो. आप्पा म्हणाले, "शेजारचे शुक्लाजी म्हणत होते, त्यांनी वसीयत केली. मलाबी करायची हाय. वकिलाला जमिनीचा नंबर लागतोय म्हणं. सतीशकडनं मागून घे."

"कशाला आप्पा आत्ता?"

"निम्मं रान इशाच्या नावानं लिहायचंय. नाव सतीशचं असलं तरी पैसं आपल्या बागेचंच हाय." ते शेंगा सोलत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "तासगावात तू सही दिलीस तवा मी गप बसलो. पोरीचा वाटा मी न विचारता घेतला. ते मला डाचतंय."

मग मला बोलावंच लागलं. "आप्पा, नंबर नाही. सतीशनं रान घेतलंच नाही."

त्यांचे हात थांबले नाहीत. "मग तू कुणाच्या रानात उभी होतीस?"

"एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या. सतीश त्याच्याकडे कामाला होता."

"कामाला," ते म्हणाले. मग विचारलं, "पैसं?"

"घर घेतलं. ट्रक घेतला."

"घर बरं हाय का?"

"बरं आहे."

त्यांनी सोललेले दाणे ताटलीत सारखे केले. "तुला कवा कळलं?"

"तिथं गेले तेव्हाच."

"म्हंजे श्रावणापास्नं." ते उठले, धोतर झटकलं. "त्यानं एकदा फसवलं, सुमन. तू रोज फसवलंस." आणि जिना उतरून खाली गेले.

मी त्यांच्यामागे गेले नाही. मला भावानं फसवलं हे मी सहा महिने उराशी धरून बसले होते. आपण दुसऱ्यालाही तेच करतो आहोत, हे मला तोंडावर ऐकावं लागलं.

त्या रविवारी त्यांनी स्वतः सतीशला फोन लावला. त्यानं उचलला नाही. संध्याकाळी त्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलेला निरोप आला. लांबलचक. मुलांच्या शाळा, कर्जाचे हप्ते, तुम्ही इकडे या, तळघरात खोली केली आहे. आप्पांनी तो एकदा पूर्ण ऐकला आणि फोन इशाकडे देत म्हणाले, "ह्यात रानाचा शब्द न्हाई." इशा म्हणाली, "आजोबा, मैं मामा को लिखूँ कुछ?" ते म्हणाले, "नको. त्याला काम असंल." सतीश अजूनही मुलांचे फोटो पाठवतो. आप्पा ते बघतात. फोन मात्र दोघेही करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बैठकीतली चौकट काढून ट्रंकेत टाकली आणि चपला घातल्या. मला वाटलं फिरायला निघाले. मी ऑफिसला जाताना बघितलं तर ते गुप्ताजींच्या दुकानासमोर उभे होते. दोन गिऱ्हाइकं होती, त्यांचं होईपर्यंत थांबले. मी रस्त्याच्या पलीकडे थांबले.

"गुप्ताजी," आप्पा म्हणाले, "वो कनाडा में हमारा ज़मीन नहीं है. हमने आपको गलत बताया."

गुप्ताजी गोंधळले. "अरे बाबूजी, उसमें क्या है."

"नहीं. गलत बताया. इसलिए बोलने आया." आणि निघाले. तिथून शुक्लाजींकडे गेले. तिथून दूधवाल्याकडे. ज्याला ज्याला सांगितलं होतं, त्या प्रत्येकाकडे जाऊन त्यांनी तेवढंच वाक्य सांगितलं. फसवलं कुणी, कसं, ते कुणालाच सांगितलं नाही. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, दोन दिवस दारोदार फिरून आपलं बोलणं परत घेत होता, आणि त्यात त्याची स्वतःची चूक काहीच नव्हती. मी त्या दिवशी ऑफिसात अर्धा तास उशिरा पोचले.

ज्यांची गावं अजून शाबूत आहेत, त्यांना मी काय सांगू? जमीन विकू नका, असं मी सांगणार नाही. तो हिशेब प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि मला अजूनही वाटतं की तो भाव चांगला होता. आणि जे परदेशी गेले, त्यांना एवढंच: घर हवं असेल तर घर मागा. आईबापांना स्वप्न दाखवून घर मिळवू नका. नाकारलं तर त्यांच्याशी भांडा. भांडण मिटतं.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या मिश्राजींनी मला बोलावलं. सरकारी नोकरीत मूळ गावी जायचं भाडं मिळतं, आणि त्यासाठी कागदोपत्री एक 'होम टाउन' नोंदवलेलं असतं. माझं एकवीस वर्षं तासगाव तालुक्यातलं आमचं गाव होतं. मी ते बदलायचा अर्ज मागितला होता. मिश्राजी म्हणाले, "मैडम, पूरी सर्विस में एक ही बार बदल सकते हैं. और लखनऊ लिखेंगी तो भाड़ा भी नहीं मिलेगा, आप तो यहीं हैं. फ़ायदा क्या है?"

फायदा काहीच नव्हता. पण तिथे ना घर ना रान, ना कुणी वाट बघणारं, आणि दरवेळी त्या नावापुढे सही करायची हे मला जमेना. मी अर्ज घरी आणला. जेवणाच्या टेबलाशी बसून सगळं भरलं आणि 'बदलाचं कारण' या ओळीशी अडकले.

आप्पा छतावरच्या त्या दुपारनंतर माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. पाणी पिऊन परत जाताना ते माझ्यामागे थांबले.

"काय लिहितीस?"

"ऑफिसात गावाचं नाव बदलायचंय. कारण विचारलंय."

त्यांनी कागद उचलला, हात लांब करून वाचला. बराच वेळ लावला. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील, आणि ते मी ऐकून घेणार होते.

त्यांनी कागद परत माझ्यापुढे ठेवला. "वडील इथं राहतात, असं लिही," ते म्हणाले. "तेवढं तरी खरं हाय."